दावणीचे टॉप मॉडेल

वेगवान वाहनाच्या हौशी खरेदीदाराला जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत दोन पर्याय असतात: इंजिनाचा आणि दावणीचा. पहिला चटकन निकालात निघतो. तीन सेकंदांत शंभराचा वेग गाठणारी, चार कोटींची, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी गाडी नारायणगावहून पारगावला न्यायची म्हटले, तर गाळप हंगामात पुढे दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा उसाचा ट्रॅक्टर असतो आणि त्याच्या मागे लॅम्बोर्गिनीचा व एसटीचा वेग सारखाच पडतो. शिवाय गावोगावी गावकऱ्यांनी आपापल्या अंदाजाने घातलेले गतिरोधक आहेत. तेव्हा उरतो दुसरा पर्याय, शर्यतीचा बैल. यात निवडीला भरपूर वाव आहे, आणि फसायलाही.

हा बैल शेतीचा नव्हे. शेतीचा बैल या भागातून बराचसा गेला. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणे झाली, कालवे फिरले, ऊस-कांदा-टोमॅटो आला, त्यातून पैसा आला आणि पैशातून ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टर दारात लागल्यावर बैलाने खरे तर निवृत्त व्हायचे. तो खेळाडू झाला. औत ओढायचा तेव्हा त्याची किंमत हजारांत होती. काहीच ओढेनासा झाला तेव्हा लाखांत गेली. इटलीत हाच प्रवास एका माणसाने एका आयुष्यात केला. फेरुच्चो लॅम्बोर्गिनी यांनी १९४८ साली ट्रॅक्टर बनवायला घेतले, १९६३ मध्ये स्पोर्ट्स कारचा कारखाना काढला आणि बोधचिन्ह म्हणून पुढे बैल लावला, कारण त्यांची रास वृषभ होती. त्यांनी ट्रॅक्टरच्या पैशातून लोखंडाचा बैल केला. जुन्नरकर ट्रॅक्टरच्या पैशातून खराच बैल घेतो. राशीचे नंतर पाहतो.

खरेदीआधी धावपट्टी समजून घ्यावी. सातारा-सांगलीकडे मैदानात छकडी पळते, तिच्यावर गाडीवान असतो. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, मावळ या पट्ट्यात गाडा पळतो तो घाटात, म्हणजे मुद्दाम राखलेल्या चढावर. गाड्यावर माणूस बसत नाही. चालकाविना धावणाऱ्या वाहनासाठी परदेशी कंपन्यांनी अब्जावधी ओतले. इथे ते तंत्र यात्रेत भंडाऱ्याच्या धुरळ्यात पाहायला मिळते, आणि थांबवायचे कसे हा प्रश्न दोन्हीकडे अजून पुरता सुटलेला नाही. इथे तो वरच्या टोकाला उभी असलेली तरणी पोरे अंगावर घेऊन सोडवतात.

एका धावेला बारी म्हणतात. चांगली बारी ११-१२ सेकंदांत निशाणापाशी पोचते आणि पुढचा सगळा मानमरातब त्या दशांशातल्या आकड्यावर ठरतो. पण प्रत्येक घाटाची लांबी वेगळी, चढ वेगळा, माती वेगळी. थापलिंगच्या घाटातले सेकंद दुसऱ्या घाटाच्या सेकंदांशी लावून पाहण्यात अर्थ नसतो. हे सर्वांना ठाऊक असते. तरीही विकणारा मोबाइलवर व्हिडिओ दाखवतो आणि घेणारा त्यात घड्याळच पाहतो. चढ व्हिडिओत कधीच दिसत नाही.

गाड्याच्या पुढे घोडी धावते. घोडीवर स्वार, त्याच्यामागे बैल. फेरारीच्या चिन्हावर घोडा आणि लॅम्बोर्गिनीच्या चिन्हावर बैल; त्यांचे वैर जगभर मासिकांच्या मुखपृष्ठांवर चालते. घाटात ते दर बारीला समक्ष चालते, आणि घोडा पुढे असूनही बक्षीस बैलालाच मिळते. ही घोडी राजकारणातही पळून आली आहे. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत लांडेवाडीचे शिवाजीराव आढळराव पाटील आणि नारायणगावचे डॉ. अमोल कोल्हे समोरासमोर होते. शर्यतींवरची बंदी उठली की बारीपुढे घोडी धरीन, असे कोल्हे बोलून बसले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये शर्यती सुरू झाल्यावर त्या शब्दाची आठवण विरोधकांनी फार प्रेमाने करून दिली आणि खासदार झालेल्या कोल्ह्यांनी खेड तालुक्यातल्या निमगाव दावडीच्या घाटात घोडीवर बसून तो पुरा केला. निवडणुकीत दिलेला शब्द तंतोतंत आणि चित्रीकरणासह पाळला गेल्याचे हे दुर्मीळ उदाहरण राज्यशास्त्राच्या पुस्तकात जायला हवे.

आता प्रत्यक्ष निवड. जात खिलारच. तिचे माहेर सांगोला, आटपाडी, मंगळवेढा, म्हसवड या दुष्काळी पट्ट्यात. जिथे पाणी नाही तिथे बैल पळणारे निपजतात आणि जिथे कालवे आहेत तिथे ते विकत घेणारे. खिलार गाय दूध बेताचेच देते, म्हणून शासकीय योजनांनी तिच्याकडे कधी फारसे पाहिले नाही. शर्यतीने पाहिले. रंगात पांढरा चालतो, तांबूस झाक असलेला कोसा जास्त चालतो. अंगाची कातडी घट्ट हवी, पोळी लोंबती नको, खूर काळे आणि मिटलेले, शेपूट बारीक, पाठ सरळ, वशिंड आटोपशीर. शिंगे डौलदार हवीत. त्यांचा वेगाशी काडीचा संबंध नाही, पण मागचा स्पॉयलर पाहून गाडी घेणाऱ्यांनी यावर हसू नये. यानंतर भोवरे. अंगावरचा केसांचा कोणता भोवरा कुठे असावा यावर जाणत्यांत एकमत नाही, आणि बैल हरला की तो भोवरा हमखास चुकीच्या जागी सापडतो.

वय दातांवरून ठरते. दुधाचे दात असलेला तो आदत, दोन पक्के दात आले की दुसा, चार आले की चौसा, सगळे आले की जुळलेला. आदत स्वस्त पडतो, कारण तो पळेल की नाही हे देवालाही ठाऊक नसते. जुळलेल्याचे कर्तृत्व समोर असते आणि भाव त्याहून पुढे. शहाणा मनुष्य मधला दुसा घेतो. शहाणी माणसे मुळात या बाजारात कमी येतात.

बाजार म्हटला की बेल्हे. जुन्नर तालुक्यातल्या या गावी दर सोमवारी बैलबाजार भरतो. इथला व्यवहार पाहण्यासारखा. व्यापारी आणि गिऱ्हाईक एकमेकांचा हात धरतात, वर उपरणे टाकतात आणि आत बोटांनी भाव ठरतो. तोंडाने दोघेही पावसाविषयी बोलत असतात. शोरूममधल्या विक्रेत्याला किमतीमागची गोम लपवायला चार पानी छापील कोटेशन लागते. इथे एक मळकट टॉवेल पुरतो. सौदा जमला की इसार, पावती आणि कानातल्या बिल्ल्याची पडताळणी. बिल्ल्यावर बारा आकडे असतात. म्हणजे नंबरप्लेटही आली. मात्र शर्यतीचा नावाजलेला बैल सहसा बाजारात येत नाही. तो गोठ्यातूनच विकला जातो, आणि तेही मालकाने तीनदा ‘विकायचा नाही’ म्हटल्यावर. पहिला नकार खरा असतो. पुढचे दोन रकमेबद्दल असतात.

सर्वांत मोठी अडचण नवख्याला घरी आल्यावर कळते: एक बैल घेऊन गाडा होत नाही. घाटात गाड्याला चार बैल लागतात, मागे धुरेला दोन आणि पुढे जुकाटाला दोन. धुरेच्या बैलात गाडा खेचून धरण्याची ताकद हवी, जुकाटाच्या बैलात घोडीमागे सुटण्याची चपळाई. चारही बैल स्वतंत्रपणे उत्तम असूनही एकत्र फुकट जाऊ शकतात; एकाने सुटायला क्षणभर उशीर केला की बाकी तिघांचा खुराक वाया. स्पोर्ट्स कारची चार चाके चार वेगवेगळ्या मालकांनी घ्यावीत, चार गावांतून आणावीत आणि यात्रेच्या सकाळी जोडावीत, तशी ही रचना आहे. तिला पैरा म्हणतात. पैऱ्यात बैलांची जुळणी अवघड. मालकांची त्याहून अवघड. गाडा जिंकला तर फ्लेक्सवर नाव आधी कोणाचे आणि हरला तर बैल कोणाचा, या दोन प्रश्नांवर तालुक्यातले कित्येक पैरे मोडले आहेत.

इंधनाकडे वळू. शर्यतीच्या बैलाला उडदाची डाळ, हरभरा, गव्हाची कणीक, शेंगदाण्याची पेंड, खारीक, अंडी आणि दूध लागते. घरातले दूध आधी गोठ्यात जाते, उरले तर डेअरीला, त्यातून उरले तर चहात. वर पोहणी, चालणी आणि मालिश. गोठ्याला पंखा असतो, सीसीटीव्ही असतो आणि लोखंडी जाळी असते. शेवटची गोष्ट चैनीची नव्हे, कारण या तालुक्यांत उसात बिबट्या राहतो. मालक स्वतः ओसरीवर झोपतो, तिला जाळी नसते. वर्षभराच्या खुराकावर बैल एकूण किती मिनिटे पळतो, हा हिशेब पुरुष मांडत नाहीत. घरातल्या बाईने तो मांडलेला असतो, आणि दर मिनिटाचा तो आकडा चारचौघांत वाचण्यासारखा नसतो.

कायद्याची बाजूही खरेदीदाराने पाहावी. केंद्राच्या ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने बैलाचे नाव खेळात वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत गेले. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूसह बैलगाडा शर्यतीही बंद केल्या. २०१७ मध्ये राज्याने कायदा बदलला, त्याच वर्षी उच्च न्यायालयाने त्याला रोखले. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह वाट मोकळी केली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले. मधली वर्षे माणसांनी बैल विकले नाहीत. गाडी घ्यायची, टाकी भरायची, पुसायची, आणि रस्त्यावर काढायची नाही, असे सात वर्षे करणारा ग्राहक कोणत्याही कंपनीला मिळालेला नाही. काही जण पहाटे गुपचूप काढत. पोलीस दप्तरी त्याची नोंद आहे.

बंदी उगाच आली नव्हती. हौशी माणूस बैलाला पोटच्या पोरासारखा मानतो, असे तो प्रत्येक वाहिनीला सांगतो. न्यायालयापुढे गेलेल्या अहवालांत मात्र पिरगाळलेल्या शेपट्या आणि टोचण्या होत्या, आणि पोटच्या पोराच्या संगोपनात हे प्रकार बसत नाहीत. आता नियमांनुसार चाबूक, काठी आणि बॅटरीचा झटका निषिद्ध आहे, पशुवैद्याचा दाखला लागतो, आयोजकाला ५० हजार रुपये अनामत ठेवावी लागते आणि धाव १००० मीटरपेक्षा लांब असू शकत नाही. मोडणाऱ्याला पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. बैल खरेच पोटचे पोर असेल तर या नियमांचा त्रास कोणाला व्हायचे कारण नाही. ज्यांना होतो ते ‘परंपरा’ हा शब्द जरा जास्त मोठ्याने उच्चारतात.

परताव्याविषयी थोडक्यात. यात्रेतल्या बक्षिसांत फळीफोड, घाटाचा राजा आणि फायनल असे मान असतात, ढाली असतात आणि मोटरसायकली असतात. मे २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत झालेल्या शर्यतीत पहिले बक्षीस जेसीबी होते, पुढे बोलेरो आणि ट्रॅक्टर. ज्या यंत्राने बैलाला शेतातून बाहेर काढले, तेच त्याला बक्षीस म्हणून मिळते आणि तो त्याच्या शेजारी उभा राहून फोटो काढून घेतो. बोलेरो चार जणांच्या पैऱ्यात वाटायची कशी, याची पद्धत अजून ठरलेली नाही. बहुधा ती विकावी लागते आणि त्या पैशातून पुढचा बैल येतो.

पुनर्विक्रीचे मूल्य एका बारीवर अवलंबून असते. रविवारी जिंकलेल्या बैलाला सोमवारी घरी बसून गिऱ्हाईक येते. दोन यात्रा मागे पडलेल्याच्या चौकशीला कोणी येत नाही. म्हातारा झाला की तो मोडीतही काढता येत नाही, कारण २०१५ मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीनंतर राज्यात बैलाची कत्तल गुन्हा आहे. साध्या शेतकऱ्याला हा कायदा जाचतो. गाडामालकाला जाचत नाही. तो बैल मरेपर्यंत सांभाळतो, मेल्यावर बांधावर पुरतो, दशक्रिया करतो, फ्लेक्स लावतो आणि पंगत उठवतो. एवढे स्पोर्ट्स कारच्या वाट्याला आल्याचे ऐकिवात नाही. दावण मात्र रिकामी राहत नाही. तेराव्याच्या आत चार माणसे पिकअप घेऊन सांगोल्याकडे आदत पाहायला गेलेली असतात, आणि घरी सांगून गेलेली असतात की कांद्याचे बी बघायला चाललोय.