आधी डबा काढून घ्या

लेकरू बसायला लागलं की उष्टावण होतं आणि धड बोलायला लागायच्या आत प्ले-ग्रुपची चौकशी सुरू होते. वाद्य कोणतं शिकवायचं, हा निर्णय या दोहोंच्या मधे कुठंतरी उरकलेला बरा. अमरावती-अकोल्याच्या बहुतेक सुजाण घरांना हे पटलेलं आहे. काही घरं मात्र अजून मागास आहेत. पोर स्वतःहून काही वाजवायला मागेल, म्हणून तिथले आईबाप वाट पाहत बसतात. पोर मागतंही, पण भलतंच मागतं.

अकोल्यात श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी राजराजेश्वराला येतात. सोबत ढोल असतात. जठारपेठेतला चार वर्षांचा एक मुलगा बापाच्या खांद्यावरून ते ऐकून आला आणि दुसऱ्या दिवशी तुरीच्या डाळीचा रिकामा डबा उलटा घालून बसला. एकच तुकडा, उजवा हात जड, डावा हलका, आणि दर फेरीला शेवटचा ठोका किंचित अडवून धरलेला. सकाळभर हेच. आजी पोळ्या लाटता लाटता लाटण्यानं पोळपाटावर त्याला साथ देऊ लागली. वडीलधारी माणसंच अशी वागल्यावर लेकरानं कोणाकडे पाहायचं? सुदैवानं आई शिकलेली. तिनं डबा काढून घेतला, माळ्यावर टाकला आणि मुलाचं नाव तबल्याच्या बॅचमध्ये घातलं. आजी म्हणाली, “वाजवू द्या ना त्याले, काहून तरास देता लेकराले?” तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. आता त्या घरात डबा वाजत नाही. तबलाही वाजत नाही म्हणा, पण त्याच्या न वाजण्याची फी वेळेवर भरलेली असते.

लवकर सुरुवात करण्याला जपानचा भक्कम आधार आहे. शिनिची सुझुकी या व्हायोलिनवाल्यानं तीन-चार वर्षांच्या मुलांच्या हाती एक-सोळांश मापाची चिमुकली व्हायोलिनं दिली. स्वतः त्यानं सतराव्या वर्षी सुरुवात केली होती, तेही वडिलांचा व्हायोलिनचा कारखाना असताना. पण थोरांचं सगळंच अनुकरणीय नसतं. त्याच्या पद्धतीत मुलाआधी आईनं वाद्य हाती धरून थोडंफार शिकायचं आणि घरात त्या सुरावटी रोज कानावर पडू द्यायच्या, अशीही एक अट आहे. पोर भाषा जसं ऐकून ऐकून शिकतं तसंच हे, असा त्याचा दावा. आपल्याकडे ही पद्धत आणताना जाणत्या पालकांनी वय तेवढं ठेवलं आणि ही आईची अट गाळली. आईला कुठं वेळ आहे? आणि बापानं कधी सबंध राग बसून ऐकला नाही, म्हणून पोरानं विशारद व्हायचं नाही की काय?

घरात गाणं वाजू न देण्याचा मोठा फायदा म्हणजे मुलाचं लक्ष विचलित होत नाही. त्याला संगीत फक्त सोमवारी आणि गुरुवारी सहा ते सात या वेळेत भेटतं. भूगोलाशी त्याचं जितकं सख्य आहे तितकंच मग संगीताशीही राहतं, आणि अभ्यासक्रमात समतोल साधला जातो.

वाद्य निवडताना मुलाच्या हाताचं माप पाहू नये, खोलीचं पाहावं. पेटीवर एका हातानं भाता आणि दुसऱ्यानं पट्ट्या सांभाळताना पाच वर्षांच्या मुलाला पाटावर बसवावं लागतं, तरी नाक भात्याला लागतं. बासरीच्या भोकांवर बोटं पुरत नाहीत, सतार तर मुलालाच मांडीवर घेईल. म्हणून कीबोर्ड सर्वोत्तम. त्यात डेमोचं बटण असतं. ते दाबलं की ऑर्केस्ट्रासकट पूर्ण रचना वाजते आणि पोराला वरून बोटं तेवढी फिरवायची असतात. कुटुंबाच्या ग्रुपवर व्हिडिओ जातो, नागपूरच्या मामांचा अंगठा येतो, आणि शिक्षणाचा एक टप्पा पूर्ण होतो.

तबलाच घेतला असेल तर मे महिन्यात त्याचा खरा कस लागतो. बाहेर पारा पंचेचाळीसला, हवा कोरडी ठक्क, चामडं ताणून चढलेलं. आत कूलर लावला की ओलाव्यानं तेच चामडं उतरतं. मुलगा हातोडीनं गट्टे ठोकून पुडी सुरात आणेपर्यंत लाईट जाते, आणि तबला पुन्हा चढतो. सुट्टीभर त्यानं एक तीनताल धड वाजवला नाही, पण सूर चढतो कसा नि उतरतो कसा, हे तो कानानं ओळखू लागला. हा वेळेचा अपव्यय आहे. प्रारंभिकच्या परीक्षेत हे कोणी विचारत नाही.

परीक्षा मात्र हव्यातच. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण अशा पायऱ्या लहानपणीच चढून घेतल्या की शास्त्रीय कलेचे वाढीव गुण दहावीच्या बेरजेत येतात. गुण आले की अकरावीत वाद्य सोडता येतं. इतका स्वच्छ शेवट दुसऱ्या कुठल्या छंदाला आहे?

हे न करणाऱ्यांचं काय होतं, त्याची उदाहरणं याच मातीत आहेत. १९०९ साली यावलीत जन्मलेल्या माणिक इंगळे नावाच्या मुलाच्या हाती खंजिरी आली. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. परिणामी त्यांना खंजिरी घेऊन गावोगाव भजनं करत फिरावं लागलं, लोक तुकडोजी महाराज म्हणू लागले, आणि हे फिरणं पार जपानपर्यंत गेलं. अजूनही खेड्यात पोरं खंजिरी भजनाला मोठ्यांच्या मांडीला मांडी लावून बसतात आणि कोणी न शिकवता वाजवायला लागतात. फी द्यायची कोणाला, हा प्रश्न तिथं सुटलेलाच नाही.

दुसरं उदाहरण मूर्तिजापूरचं, म्हणजे बरोबर अमरावती आणि अकोल्याच्या मधलं. वसंतराव देशपांडे तिथं १९२० साली जन्मले. नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकले, १९३५ च्या ‘कालियामर्दन’ चित्रपटात कृष्ण झाले, पुढं इतक्या गुरूंकडे गेले की फॉर्मवर ‘घराणे’ हा रकाना भरायला जागा पुरली नसती. कित्येक वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केली. ‘कट्यार काळजात घुसली’ आलं १९६७ साली, म्हणजे वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. एवढ्या वर्षांत हल्लीचा मुलगा वाद्य शिकून, सोडून, नोकरीला लागून, स्वतःच्या मुलाला क्लास लावून मोकळा झालेला असतो.

आमच्या शेजारचे आबाजी हरिपाठात मृदंग वाजवतात. त्यांना कोणीतरी विचारलं, पोराला कितव्या वर्षी बसवायचं? ते म्हणाले, “बाबू, त्याले आधी ऐकू तं दे. हात मंग चालते.” वय काही त्यांनी सांगितलं नाही. जुन्या माणसांकडून नेमकं उत्तर मिळत नाही ते असं.

खर्चाची मात्र काळजी नको. कीबोर्ड खराब होत नाही, कारण तो फार वाजत नाही. आमच्या नात्यातला एक कीबोर्ड मूळ खोक्यासकट अमरावतीहून परतवाड्याला गेला, तिथून दर्यापूरला, आणि सध्या अकोल्याला भाचसुनेच्या मुलाकडे आहे. त्याला पुढच्या महिन्यात तीन वर्षं पूर्ण होतात. तसा उशीरच झाला म्हणायचा.