पाचशे रुपये रोज

निवडणूक जवळ आली की सिल्वासातल्या टोकरखाड्याच्या नाक्यापासून दिल्लीपर्यंत निष्ठेला शंभराचा स्टँपपेपर, नोटरी आणि मोबाइल धरायला एक कार्यकर्ता लागतो. इच्छुक लिहून देतो, मरेपर्यंत पक्ष सोडणार नाही. तिकीट कापले गेले की पक्षच मेला असे धरून मोकळा होतो.

अशी शपथ पाळण्याचे नैतिक बंधन उरते का, असा प्रश्न सज्जनांना पडतो. त्यांनी संविधानाचे कलम 104 वाचावे. शपथ न घेता खासदार सभागृहात बसला किंवा त्याने मत दिले, तर दर दिवसाला 500 रुपये दंड. 1950 पासून तोच दर. तेव्हा पाचशेत चारेक तोळे सोने येई. आज तेवढ्यात चौघांचे हॉटेलातले जेवणही भागत नाही. आणि घेतलेली शपथ मोडली तर? त्याबद्दल कलमात चकार शब्द नाही.

पक्ष सोडण्याचा दर वेगळा, तो 1985 च्या दहाव्या अनुसूचीत. पूर्वी एक तृतीयांश फुटले की भागे. 2003 च्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली, उरली ती विलीन होण्याची, तिला दोन तृतीयांश लागतात. एकटा पळाला तर पळपुटा, वऱ्हाड घेऊन गेला तर सोयरीक! वर ऐकवायचे की आपली शपथ संविधानाशी, पक्षाशी नाही. बरोबर आहे, त्या शपथेत पक्ष नाही. पण हाती घेतलेले कर्तव्य निष्ठेने पार पाडण्याचे वचन आहे, आणि ते पानही कुणी फाडलेले नाही.

लादलेली निष्ठा आणि स्वतः घेतलेली शपथ यांतला फरक सिल्वासाला तरी कुणी शिकवू नये. अठराव्या शतकात पेशव्यांनी नगर हवेलीचा महसूल पोर्तुगीजांना तोडून दिला, तेव्हा इथल्या वारल्या-कोकण्यांना कुणी विचारले नाही. 2 ऑगस्ट 1954 ला सिल्वासातून ती सत्ता गेली आणि 11 ऑगस्ट 1961 ला प्रदेश भारतात सामील झाला. लिस्बनशी निष्ठा मोडल्याचा ठपका इथल्या माणसावर ठेवता येत नाही, कारण ती त्याच्यावर लादलेली होती. स्टँपपेपर मात्र इच्छुकाने स्वतः विकत आणलेला असतो, सही करताना कॅमेऱ्याकडे बघून हसलेलाही तोच असतो. दबाव कुणाचा होता? उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगेत उभ्या बाईकडून स्वयंघोषणापत्रावर अंगठा घेतात, माहिती खोटी निघाली तर शिक्षेला पात्र राहीन म्हणून. तिची घोषणा म्हणजे कायदा, आणि हारतुऱ्यातल्या माणसाची शपथ म्हणजे भावना! तिने दोन हजारांचे उत्पन्न लपवले तर चौकशी, याने अख्ख्या मतदारसंघाचे मत उचलून पलीकडे नेले तर सत्कार. हा हिशेब कुणी लावला?

तेव्हा मोडल्यावरही तोच दर लावावा, पाचशे रुपये रोज. पाच वर्षांचे 1826 दिवस, म्हणजे 9 लाख 13 हजार. इच्छुक आनंदाने आगाऊ भरतील. फक्त पावतीवर पक्षाच्या नावाची जागा कोरी ठेवा, म्हणतील.