चतुःसीमा

चष्मा सापडेनासा झाला की आमचे काका आरडाओरडा करत नसत. आरामखुर्चीत बसल्या बसल्या ते शांतपणे मजकूर सांगू लागत : "सदरहू चष्मा, यासी चतुःसीमा. पूर्वेस पानाचा डबा, दक्षिणेस कालचा पेपर, पश्चिमेस तुझ्या काकूची निवडायची मेथी, उत्तरेस भिंत. येणेप्रमाणे चतुःसीमापूर्वक चष्मा, जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाणासह आणून द्यावा." आम्ही पोरं चारी दिशांना पांगायचो. चष्मा बहुधा त्यांच्या कपाळावरच असायचा. म्हणजे उत्तरेस टक्कल आणि दक्षिणेस भुवया.

काका तालुक्याच्या कोर्टात वकील होते. चाळीस वर्षं एकच काळा कोट, असं काकू म्हणायची. त्यात अतिशयोक्ती असेल, पण तो कोट उन्हानं वांग्याच्या रंगाला आला होता हे मी पाहिलं आहे. त्याच्या डाव्या खिशात वकालतनामे आणि उजव्या खिशात खडीसाखर. वकालतनामा अशिलासाठी, खडीसाखर त्याच्याबरोबर आलेल्या पोरासाठी. घाईत एकदा त्यांनी न्यायाधीशांसमोर भलत्याच खिशात हात घातला होता म्हणे. पुढे काय झालं, हे काकांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

ओसरीवरच्या त्यांच्या ऑफिसात देवाचा फोटो नव्हता, गणेश वासुदेव जोशींचा होता. पुण्याचे सार्वजनिक काका. 1828 साली साताऱ्याला जन्मलेले, म्हणजे आमच्याच जिल्ह्याचे, म्हणून काकांना त्यांच्याबद्दल जरा भाऊबंदकीचा अभिमान. भाऊबंदकी इथे चांगल्या अर्थानं. लहानपणी मला वाटायचं, हे खरोखरच आपले थोरले काका असावेत.

त्यांच्या गोष्टी काका अशिलांनाही ऐकवत. 1870 मध्ये पुणे सार्वजनिक सभा निघाली, तेव्हा सभासदाला निदान पन्नास माणसांच्या सहीचं मुखत्यारपत्र आणावं लागे. "बघा," काका म्हणायचे, "लोकांच्या वतीनं बोलायचं तर आधी लोकांची सही आणा. वकिलाशिवाय हे कुणाला सुचणार?" 1877 च्या दिल्ली दरबाराला राजेमहाराजे जरीत आणि हिऱ्यांत मढून आले, आणि आमचा हा माणूस खादीत गेला. 1879 साली वासुदेव बळवंत फडक्यांचं वकीलपत्र घ्यायला छाती लागत होती, ते यांनी घेतलं. हे सगळं सांगताना काकांचा आवाज चढत नसे. तो चढायचा लवाद कोर्टापाशी. लोकांनी आपले तंटे सरकारी कोर्टात न नेता आपसात मिटवावेत म्हणून सार्वजनिक काकांनी पुण्यात लवाद कोर्ट काढायला पुढाकार घेतला. "वकिलानं!" काका खुर्चीच्या हातावर थाप मारत. "अरे, हलवायानं गिऱ्हाइकाला सांगावं की घरीच करा लाडू, तसं झालं हे!"

आजकाल 'सार्वजनिक' हा शब्द नळाला लागतो, शौचालयाला लागतो, गणपतीला लागतो. माणसाच्या नावामागे बिरुदासारखा लागलेला मला तरी एवढाच ठाऊक आहे. काकूचं मत निराळं होतं. "फोटोतले एक आणि खुर्चीतले एक," ती म्हणायची. जेवायला पान वाढलं की ओसरीवर कुणीतरी खाकरायचंच. एखाद्याला उत्पन्नाच्या दाखल्यासाठी प्रतिज्ञापत्र हवं असायचं, एखादीला विधवा पेन्शनचा अर्ज, तर गणेश मंडळाला मांडवाची परवानगी. काका हात धुऊन आत-बाहेर करत. "सबब, मला पाच मिनिटांची मुदत मिळावी." काकू आतून म्हणायची, "अर्ज नामंजूर. आमटी निवते आहे." घरच्या कोर्टात काकांनी एकही दावा जिंकल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

पण घरच्यांकडे दुर्लक्ष होतं असं मी म्हटलं तर ते खोटं प्रतिज्ञापत्र होईल. त्यांची कोर्टाची डायरी मी नंतर वाचली. दिवाणी दाव्यांच्या तारखांच्या मधोमध लाल शाईत नोंदी होत्या : 'सौ. गुडघे, डॉक्टर, 5 वाजता.' 'पुतण्या, गणित, अंतिम सुनावणी.' हा पुतण्या मी. इतर तारखांपुढे मुदतवाढीचे शेरे दिसतात, लाल तारखांपुढे एकही नाही. गणितात मी नापास झालो, ती गोष्ट वेगळी. काकांनी अपील दाखल करायचं ठरवलं, म्हणजे रोज पहाटे पाचला मला उठवून बसवलं.

आमच्या आत्याचा प्रसंग घरात अजून दबक्या आवाजात सांगतात. आजोबा मृत्युपत्र न करता गेले. घर त्यांच्या स्वतःच्या कमाईचं. रिवाजाप्रमाणे आत्या माहेरी आली ती हक्कसोडपत्रावर सही करायलाच. पेढे आले होते, स्टँपपेपर आला होता, माझे वडील पेन घेऊन तयार. काकांनी सगळ्यांना चहाला आत पाठवलं, आत्याला समोर बसवलं आणि अशिलाला समजावतात तसं तिला समजावलं : 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे या घरात जेवढा माझा हिस्सा, तेवढाच तुझा. सही करायची तर कर, नाही तर नको करू, पण कशावर करतेस ते कळून कर. आत्यानं पेढा खाल्ला आणि सही केली नाही.

वडील दीड वर्ष काकांशी बोलत नव्हते. एकाच घरात. मधल्या काळात निरोप माझ्यामार्फत जात. "तुझ्या वकीलकाकाला म्हणावं, मोटार बंद कर, टाकी वाहते आहे." काका मला म्हणायचे, "प्रतिवादींना सांग, नोटीस मिळाली." शेवटी आत्यानंच आपला हिस्सा म्हणून मागची खोली घेतली आणि दर मे महिन्यात ती तिथे राहायला येऊ लागली, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद वडिलांना झाला. हे त्यांनी कधी कबूल केलं नाही. काकांनी कबुलीजबाब मागितलाही नाही.

आता आंब्याची गोष्ट. दोन सख्ख्या भावांच्या शेतांच्या बांधावर एक रायवळ आंबा होता. बांध कुणाचा यावरून मोजणी झाली, मारामारी झाली, दोघांनी वेगवेगळे वकील केले, त्यातले एक काका. लोकन्यायालयावर काकांचा भारी जीव. तडजोड झाली की भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील नाही. "फी परत देणारं सरकारी खातं दुसरं दाखव," ते म्हणायचे. त्यांनी दोघांना तिथे बसवलं आणि फार सुरेख तोडगा काढला : एक वर्ष आंबे थोरल्याचे, पुढचं वर्ष धाकट्याचे. सह्या झाल्या, भाऊ गळ्यात पडले, काका पेढे घेऊन घरी आले.

चौथ्या वर्षी धाकटा काठी घेऊन ओसरीवर. "सायब, तुमी थोरल्याला सामील हायसा!" थोरल्याच्या पाळीला झाड लगडायचं, याच्या पाळीला मोहोरही धड नाही. पुन्हा तसंच, पुन्हा तसंच. काकांना घाम फुटला. शेवटी कृषी खात्यातल्या शेजाऱ्यानं उलगडा केला की बरेच आंबे एक वर्ष भरभरून देतात आणि दुसऱ्या वर्षी विसावा घेतात, झाडाचा धर्मच तो. काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "चूक माझीच. आवश्यक पक्षकाराला सामीलच केलं नाही मी. झाडाला नोटीस काढायला हवी होती."

दुसरा करार ओसरीवरच झाला, साध्या कागदावर. दरवर्षी एकानं दोन वाटे करायचे, दुसऱ्यानं आधी उचलायचा. पुढच्या वर्षी उलट. त्यातूनही काही आंबे वर उरत, आणि त्या उरलेल्यांवरून पुन्हा हातघाई नको म्हणून ते वकिलाचे. काकांना या प्रकरणात मिळालेली फी एवढीच, दर उन्हाळ्याला एक करंडी. आंबे भयंकर आंबट असत. काका पहिली फोड तोंडात घालून एक डोळा मिटत आणि म्हणत, "उत्तम आहे."

काका गेले तेव्हा वकील संघानं शोकसभा घेतली, कोर्टाचं काम अर्धा दिवस बंद राहिलं. त्यांच्या सगळ्या प्रकरणांत त्या दिवशी तारीख पडली. तारखेला आयुष्यभर वैतागलेल्या माणसाला हे आवडलं नसतं. वाचनालयाच्या स्मरणिकेसाठी त्यांच्यावर लिहायला मला सांगितलं, म्हणून मी त्यांच्या जुन्या कारकुनाकडे गेलो. किती दावे चालवले, किती जिंकले, काही आकडा मिळेल का? कारकून चष्मा पुसत म्हणाले, "चालवलेल्यांचा लागेल हो. दाखलच होऊ दिले नाहीत त्यांना नंबर कुठला?" मग मी काकांच्याच पद्धतीनं सुरुवात करून पाहिली. पूर्वेस कोर्ट, दक्षिणेस घर, पश्चिमेस वाचनालय. उत्तरेस काय लिहावं ते सुचेना. स्मरणिका माझ्या लेखाविनाच निघाली.

यंदा मे महिन्यात धाकट्याचा नातू मोटारसायकलवर करंडी घेऊन आला. काका गेल्याचं त्याला माहीत होतं. "आजा म्हणला, कागदावर लिवलंय, द्यायाच पायजे." आत्या मागच्या खोलीतून उठून आली, आंबे पिळायला बसली. काकूनं नेहमीप्रमाणे रसात दोन वाट्या साखर जास्त घातली.