भोंगा हवा, पण ॲपवर

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. २०२२च्या ऑगस्टमध्ये तिथल्या ग्रामसभेनं ठरवलं, की रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजेल आणि पुढचा दीड तास घरोघरचे टीव्ही-मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा. मग ज्याची मालिका त्याला आणि ज्याचा मोबाइल त्याला. लॉकडाऊनमध्ये शाळा मोबाइलमध्ये गेली होती. यथावकाश ती बाहेर आली, पोरं आतच राहिली. म्हणून हा उपाय. सुरुवातीला आशाताई, अंगणवाडी सेविका आणि निवृत्त गुरुजी दारोदार फिरून लोकांना समजावत होते.

ही बातमी आमच्या सोसायटीत आली ती अर्थातच फॉरवर्ड होऊन. वर लाल अक्षरांत ‘एकदा नक्की वाचा’ आणि खाली हात जोडलेल्या एकवीस बाहुल्या. पुण्यात असल्यामुळे, सांगलीकरांना जमतं ते आपल्याला का जमू नये, असा प्रश्न सर्वांनाच पडला. विशेष सर्वसाधारण सभेत ठराव आला, टाळ्यांच्या गजरात एकमतानं मंजूर झाला. बरेच जण तो क्षण लाइव्ह दाखवत असल्यामुळे टाळ्या एका हातानं मांडीवर वाजवाव्या लागल्या, एवढंच.

मग सवलतींचा विषय निघाला. ए विंगमधल्या जोशीकाकूंचा मुलगा न्यू जर्सीला. उन्हाळ्यात आपल्याकडे सात वाजतात तेव्हा तिथं सकाळचे साडेनऊ, नातवाची तेवढीच वेळ. हे मानवतेच्या दृष्टीनं मान्य झालं. मग तिसऱ्या मजल्यानं सांगितलं, की उन्हाळ्यात अमेरिकेचा शेअर बाजार आपल्या सातलाच उघडतो. काकूंचा नातू अमेरिकेत चालतो, तर आमचे शेअर का नकोत? आयपीएलचा टॉस सातचा, मॅच साडेसातची. ती राष्ट्रीय बाब. मालिकांची वेळ तर साक्षात हीच. त्यावर महिला मंडळानं ‘आमचाच त्याग का?’ असा एकच प्रश्न विचारला आणि चेअरमन पाणी प्यायले. सवलतींची यादी पूर्ण झाली तेव्हा ठराव फक्त माळीबुवांना लागू होत होता. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे.

तरीही भोंगा आला. आणि त्याच्या समन्वयासाठी ‘शांतता तास’ नावाचा व्हॉट्सॲप ग्रुपही आला. सात वाजता भोंगा वाजायचा. सात वाजून एक मिनिटानं सेक्रेटरी ग्रुपवर लिहायचे, ‘भोंगा वाजला आहे. कृपया मोबाइल बंद करावेत.’ त्यावर सगळ्यांचे अंगठे. अंगठा न देणाऱ्यानं मोबाइल खरंच बंद केला, की संदेश वाचूनही तो गप्प बसलाय, हे निळ्या टिकल्या बघून ठरवण्यात साडेआठ वाजायचे.

शांतता तासातल्या या लिहालिहीला एका सभासदानं हरकत घेतली, तर आमच्या निवृत्त प्राध्यापकांनी थेट गांधीजींनाच साक्षीला काढलं. गांधीजींचं सोमवारी मौन असे. २ जून १९४७ रोजी माउंटबॅटन फाळणीची योजना घेऊन बसले होते आणि नेमका सोमवार. गांधीजी बोलले नाहीत; वापरलेल्या जुन्या पाकिटांच्या पाठीवर पेन्सिलीनं उत्तरं लिहून दिली. म्हणजे मौनात लिहिणं चालतं. टाइप करणं हे लिहिणंच. तेव्हा शांतता तासात ग्रुपवर चर्चा करणं हे थेट गांधीमार्गावरून चालणं आहे! देशाचे तुकडे होत असताना जो माणूस पाकिटाच्या पाठीवर मावेल एवढंच म्हणाला, त्याच्या नावानं प्राध्यापकांनी त्या रात्री ‘आणखी वाचा’ दाबावं लागेल असे सात संदेश टाकले.

आमच्याकडे एक अनुभवी साधकही आहेत. इगतपुरीच्या धम्मगिरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून आलेले. तिथं पहाटे चारला घंटा होते, फोन पहिल्या दिवशीच जमा, बोलणं बंद, वाचन-लेखनसुद्धा बंद. गृहस्थ सगळं मनापासून पाळून आले, यात शंका नाही. पण दहा दिवस कोंडलेलं मौन अकराव्या दिवशी धरण फुटावं तसं ग्रुपवर आलं. मौन भाग एक, मौन भाग दोन, गेटसमोरचा फोटो, परतीच्या कसारा घाटातला व्हिडिओ. आता त्यांच्या मोबाइलवर ध्यानाचं ॲप आहे. ते रोज घंटेचा मंजुळ आवाज काढून, ‘आज तुम्ही अजून शांत झालेला नाहीत’ म्हणून त्यांना झोपेतून उठवतं. एकदा नेट गेल्यामुळे त्यांची सलग शांतता तुटली, तर दोन दिवस घरात कुणाशी धड बोलले नाहीत.

खरी परीक्षा गेटवर झाली. आमच्याकडे गेटवरही ॲप आहे. पाहुणा असो की पिझ्झा, घरमालकानं मोबाइलवर परवानगी दिल्याशिवाय आत पाऊल नाही. इंटरकॉम होता, त्याच्या वायरी उंदरांनी खाऊन बरीच वर्षं झाली. पहिल्या शनिवारी काही भाबड्या कुटुंबांनी जेवण मागवून सातच्या ठोक्याला मोबाइल खरोखरच बंद केले. साडेसातला गेटपाशी पाठीवर चौकोनी पिशव्या घेतलेली पंधरा-वीस पोरं उभी. वॉचमन खालून फ्लॅटचे नंबर ओरडतोय आणि गॅलरीतून लोक ‘शांतता पाळा, शांतता!’ म्हणून त्याच्यावर ओरडतायत. बिर्याण्या निवल्या. एका पोरानं शेजारच्याला विचारलं, ‘कोण गेलं रे इथं?’ दोन मिनिटांचा उशीर झाला तरी त्याला जाब द्यावा लागतो. आमच्या आत्मशोधाचा भुर्दंड त्यानं का सोसावा, हा मुद्दा मात्र सभेपुढे आला नाही.

सभेपुढे आला तो दुसराच. भोंगा सोसायटीच्या बजेटमधून घेतला असल्यानं कोणत्या वेळी वाजवायचा हे बी विंगही ठरवू शकते, असं बी विंगचं म्हणणं पडलं. रात्रीतून ‘शांतता तास (मूळ)’ असा वेगळा ग्रुप निघाला. पहिल्यानं ताबडतोब नाव बदलून ‘शांतता तास (अधिकृत)’ केलं. काही सभासद सकाळी इकडे, दुपारी तिकडे आणि रात्री नॉट रिचेबल होते. भोंग्यावर दोन्ही गटांनी दावा सांगितला आहे. अर्ज उपनिबंधकांकडे गेला असून भोंगा तूर्त गोठवण्यात आला आहे. पुढची सुनावणी संध्याकाळी सात वाजता, ऑनलाइन.