खोलीत व्यासपीठ मावत नाही

महाविद्यालयातील जनजागृती कार्यक्रम हा महाराष्ट्रात आता विधीच्या पदाला पोहोचला असून दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, भाषण, आभारप्रदर्शन आणि अक्षांश-रेखांशांसह काढलेले छायाचित्र ही त्याची अंगे होत. यांपैकी शेवटचे अंग सर्वांत पवित्र मानले जाते, कारण महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी परिषद, म्हणजे ‘नॅक’, लिंगभाव समतेसाठी संस्थेने काय केले हे विचारते आणि त्याचा पुरावा फायलीत लावावा लागतो.

नातेसंबंधातील हिंसेविरुद्धही हाच विधी वापरला जातो. या हिंसेत केवळ मारहाण येत नाही. जोडीदाराने मोबाइलचा पासवर्ड मागणे, मैत्रिणी तोडायला लावणे आणि फोटो घरी पाठवण्याची धमकी देणे हेही तिच्यात मोडते. वक्ते बहुधा पोलीस अधिकारी, श्रोते बहुधा मुली आणि उपाय बहुधा कराटे असतो. मुलगे खुर्च्या लावून मोकळे होतात. नकार मिळताच ‘नस कापून घेईन’ असे रात्री दोन वाजता कळवणाऱ्यावर कराटेचा कोणता डाव चालतो, हे प्रात्यक्षिकात येत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या लैंगिक छळविरोधी नियमावलीने, प्रदेश, वर्ग, जात, लैंगिक कल, अल्पसंख्याक ओळख आणि अपंगत्व यांमुळे काहींची असुरक्षितता वाढते आणि तक्रार करणेही त्यांना अधिक अवघड जाते, हे मान्य केले आहे. व्यासपीठावरून मात्र सर्वांना एकच सल्ला मिळतो : आईवडिलांना विश्वासात घ्या. प्रेमप्रकरण कळताच जिचे शिक्षण थांबून लग्न ठरेल, अशा समाजकल्याण वसतिगृहातील मुलीला, किंवा ज्याचा कल घरी ठाऊक नाही अशा समलिंगी मुलाला, हा सल्ला फार ओळखीचा वाटतो, कारण छळणाऱ्याची धमकी नेमकी तीच असते. जे काम तो करण्याची भीती घालतो, ते पीडितानेच आपल्या हाताने उरकावे, एवढाच काय तो फरक.

त्याच नियमावलीने सुरक्षेच्या नावाखाली मुलींच्या वसतिगृहाला मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावू नयेत असे बजावले आहे, तरी अनेक ठिकाणी प्रतिबंध म्हणजे संध्याकाळी फाटकाला लागणारे कुलूप, अशी समजूत टिकून आहे. मोबाइलवरचा संदेश कुलूप ओलांडतो, ही गोष्ट व्यवस्थापनाच्या ध्यानात यायची आहे. कायद्याचे म्हणावे तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा एका घरात राहिलेल्यांपुरता असून, केवळ शनिवार-रविवार एकत्र घालवल्याने असे घरगुती नाते सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले. म्हणजे या कायद्याचे संरक्षण हवे असल्यास विद्यार्थिनीने आधी छळणाऱ्याबरोबर संसार थाटायला हवा. पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा आहे खरा, पण तो नोंदवायला पोलीस ठाण्यात जावे लागते, आणि ईशान्येतून आलेल्या मुलीला तिथे आधी ‘तुम्ही कुठल्या देशाच्या?’ या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागण्याची शक्यता असते.

अलीकडे समुदायानुसार वेगळे कार्यक्रम घ्यावेत असा विचार पुढे आला असून त्याचे स्वागत झाले, कारण सहा समुदाय म्हणजे सहा छायाचित्रे. पीडिताची पहिली तक्रार मात्र प्राचार्यांकडे किंवा महाविद्यालयाच्या तक्रार समितीकडे न जाता बहुधा शेजारच्या पलंगावरच्या, आपल्याच गावाकडच्या, आपलीच बोली बोलणाऱ्या मैत्रिणीकडे जाते. तिने काय ऐकावे, काय बोलू नये आणि कोणाला कळवावे, हे तिला शिकवण्याचा विषय अद्याप विषयपत्रिकेवर आलेला नाही, कारण वसतिगृहाच्या खोलीत व्यासपीठ मावत नाही.