चहाचं ग्रामण्य

डॉक्टर म्हणाले, "झोप लागत नाही ना? महिनाभर चहा बंद करून बघा."
"साखर कमी केली तर?"
"साखरेबद्दल मी काही बोललोच नाही."

दिवसाला सहा कप हा माझा हिशेब. बायकोच्या हिशेबाने आठ, कारण ठाण्याला उतरल्यावर टपरीवर मारलेली कटिंग मी धरत नाही. पोटात गेलेलं कॅफिन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात म्हणे. म्हणजे संध्याकाळी सातचा चहा मध्यरात्री माझ्याबरोबर पंख्याकडे बघत पडलेला असायचा.

सोमवारी चहा सोडला. मंगळवारी सकाळी फडके रोडवरून स्टेशनकडे चालताना डोकं असं ठणकायला लागलं, की समोरून येणाऱ्या रिक्षाचा हॉर्न कवटीच्या आत वाजतोय असं वाटावं. याची फोड मी वाचली, ती अशी. थकव्याचा निरोप घेऊन अडेनोसिन नावाचं द्रव्य मेंदूत दिवसभर साठत जातं. ते आपल्या ठरलेल्या जागी बसलं की पेंग येते. कॅफिन नेमकं त्याच जागी आधी येऊन बसतं. लोकलने जाणाऱ्या डोंबिवलीकराला हे वेगळं समजावून सांगायला नको. रुमाल टाकून जागा अडवलेली आणि हक्काचं अडेनोसिन दारात लोंबकळतंय! रोजचीच गर्दी म्हटल्यावर मेंदूही बाराचे पंधरा डबे करून टाकतो. मग एके दिवशी रुमालवाले येतच नाहीत आणि बाहेरची सगळी गर्दी एकदम आत घुसते. डोकं दुखणार नाही तर काय होणार? चहा सोडल्यावर एका दिवसाच्या आत हे सुरू होतं आणि आठवडाभरही टिकू शकतं. माझं पाच दिवस टिकलं.

शेजारच्या वहिनींनी ग्रीन टीची पुडी आणून दिली. ती त्याच झाडाची पानं, कॅफिन थोडं कमी एवढंच. म्हणजे बिडी सोडून सिगारेट ओढण्यातला प्रकार. नम्रपणे परत केली.

मग बिनचहाचे चहा सुरू झाले. भाजीवालीकडून गवती चहाची जुडी आणली. आजवर ही पात चहात दोन बोटं पडायची. आता चहाच नाही म्हटल्यावर ती पातेल्यात एकटीच उकळत होती, वऱ्हाड न आलेल्या मांडवासारखी. वास छान, पण घोट घेतल्यावर जीभ विचारते, "बरं, पुढे?" तुळस-सुंठीचा काढा प्यायलो की घरचे कपाळाला हात लावून ताप बघायचे. ज्येष्ठमध जिभेवर इतका वेळ गोड रेंगाळतो, की पाहुणा उठायचं नाव घेईना असं होतं. धने-जिऱ्याचं पाणी चांगलं आहे, पण त्याला चहा म्हणणं हा धने-जिऱ्यांवरही अन्याय. ठाण्यात तलावपाळीवर फिरून झाल्यावर मुलीने एका कॅफेत गोकर्णाच्या फुलांचा चहा पाजला. निळाशार! त्यात लिंबू पिळलं की जांभळा होतो. शाळेतल्या लिटमस कागदानंतर पहिल्यांदाच असं काही बघितलं. चवीबद्दल मुलीने विचारलं तेव्हा मी म्हणालो, "रंग फार सुंदर आहे."

हे सगळं मी सोसलं असतं. सोसवत नाहीत ती माणसं. दारू सोडली तर लोक पाठ थोपटतात, चहा सोडला तर आवाज खाली आणून विचारतात, "रिपोर्टमध्ये काही निघालं का?" ऑफिसात टपरीवर जाणारं टोळकं दोन दिवस हाक मारून गेलं, तिसऱ्या दिवशी न मारता. चक्क वाळीत.

तेव्हा मला कल्याणचे जावई आठवले. आनंदीबाई जोशींचे यजमान, गोपाळराव. पोस्टातल्या नोकरीच्या निमित्ताने ते कल्याणला होते. फार खट्याळ गृहस्थ. 1890 साली पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये टिळक, रानडे अशी मातब्बर मंडळी जमलेली असताना पुढ्यात चहा-बिस्किटं आली. कुणी घेतला, कुणी नुसता हात लावून कप खाली ठेवला. गोपाळरावांनी सगळ्यांची नावं छापून आणवली आणि पुण्यात ग्रामण्य, म्हणजे कुणाला वाळीत टाकायचं याचा वाद, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. रानड्यांनी शेवटी प्रायश्चित्त घेतलं. तेव्हा चहा घेतला म्हणून जात जायची. आता घेतला नाही की जाते.

तिसऱ्या रविवारी आत्याकडे गेलो. कल्याणला, पारनाक्याजवळ. वय ब्याऐंशी. तोवर मला रात्री अकराला झोप यायला लागली होती, हे कबूल करायला हवं. दारातच सांगितलं, "आत्या, मी चहा सोडलाय."
"बरं केलंस," आत्या म्हणाली आणि आधण ठेवलं. आलं किसलं, गवती चहा कातरून टाकला, वर दोन चमचे पावडर. गाळणीतून तो रंग उतरताना बघून मी मान दुसरीकडे वळवली. आत्याने कप माझ्यासमोर ठेवला, त्यातला अर्धा बशीत ओतला आणि म्हणाली, "घे रे. बशीभराने काय होतंय?"

पंचहौदातल्या सावध मंडळींसारखा नुसता हात लावून बशी खाली ठेवायची, असंच ठरवलं होतं.

त्या रात्री अडीचपर्यंत जागा होतो. कपात उरलेला अर्धाही मीच प्यायलो होतो.