मुलाखतीचे मास्तर

शहागंजात घड्याळाच्या मनोऱ्याकडून सिटी चौकाकडे निघालं, की भाजीच्या गाड्या, चपलांचे ढीग आणि मोबाइलची कव्हरं विकणारी पोरं यांच्यातून वाट काढता काढता एक पाटी दिसते : 'झेरॉक्स, टायपिंग, पासपोर्ट फोटो, सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म'. त्याखाली कधीकाळी रंगवलेली आणि आता अर्धी पुसलेली आणखी एक ओळ आहे : 'मुलाखतीची तयारी करून मिळेल'. दळण दळून मिळेल, त्याच सुरात.

असे मास्तर मराठवाड्यात जागोजाग आहेत. कुठे ते कोर्टासमोर बसतात, कुठे टायपिंगचे क्लास चालवतात, कुठे तहसीलच्या भिंतीला टेकून अर्ज लिहितात. आमचे शहागंजात बसतात, एवढाच फरक. वय साठीच्या पुढे, शर्टाच्या खिशात दोन पेनं, एक लिहिण्याचं आणि एक मुलाखतीला जाणाऱ्या पोराला द्यायचं. चष्मा दोरीला बांधलेला. समोर उभ्या राहिलेल्या माणसाकडे ते आधी पायांपासून बघतात. "साहेब लोक आधी बूट बघतात," हे त्यांचं पहिलं सूत्र. साहेबाच्या आणि उमेदवाराच्या मध्ये टेबल असतं, मग बूट दिसतात कसे, हा प्रश्न मी एकदा विचारला होता. "म्हणूनच तुम्हाला नोकरी लागली नाही," असं उत्तर मिळालं. मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली आहेत.

मास्तरांनी स्वतः नोकरी केलेली नाही. पण मुलाखती दिल्या, आणि त्या भरपूर. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना आला, पाठोपाठ त्याला माल पुरवणारे लहानमोठे कारखाने उभे राहिले, आणि जुन्या शहरातला पदवीधर पोरगा पहिल्यांदाच सायकलवर हार्डबोर्डची फाइल बांधून वाळूजच्या रस्त्याला लागला. त्या पोरांत मास्तर होते. सेवायोजन कार्यालयाचं कार्ड त्यांच्याकडे होतं, सरकारी कॉल यायचे, कारखान्यांचेही यायचे. सगळीकडून एकच उत्तर मिळालं : कळवू. कुणी कळवलं नाही. या गोष्टीचं मास्तरांना वाईट वाटत असेल असा कुणाचा समज असेल, तर तो त्यांच्यापुढे बोलू नये.

"ज्याला पहिल्याच मुलाखतीत नोकरी लागली, त्याला मुलाखतीतलं काय कळणार?" ते म्हणतात. "तो आत गेला, बाहेर आला, विषय संपला. मी पॅनेलं पाहिलीत. पॅनेलवर तीन माणसं असतात. एक प्रश्न विचारतो, एक कागद बघतो आणि तिसरा चहा पितो. निर्णय तिसऱ्याचा."

तालीम दुकानातच चालते. झेरॉक्सचं मशीन म्हणजे साहेबाचं टेबल. पोरानं रस्त्यावर जायचं, दुकानाच्या उघड्या शटरवर टकटक करायचं आणि इंग्रजीत 'मे आय कम इन सर' म्हणायचं. शेजारचा चपलावाला दर वेळी तिकडून "आइए, आइए" म्हणतो. मास्तर त्याच्याकडे लक्ष देत नाहीत, आणि पोरानंही देऊ नये असा नियम आहे, कारण मुलाखतीत लक्ष विचलित करणारे प्रसंग येतात.

"बसा म्हटल्याशिवाय बसायचं नाही."

"आणि नाहीच म्हटलं तर?"

"उभं राहायचं."

"शेवटपर्यंत नाही म्हटलं तर, मास्तर?"

"तर समजायचं, त्यांना उभ्यानं काम करणारा माणूस पाहिजे."

टेबलावर पाण्याचा ग्लास असेल तर प्यायचा नाही. तो परीक्षेसाठी ठेवलेला असतो. पंखा डोक्यावर असेल तर कागदांवर कोपर ठेवायचं, पण दोन्ही कोपरं नाहीत. पगाराचं चुकूनही विचारायचं नाही. 'अपेक्षा किती' असं विचारलंच, तर 'संस्थेच्या नियमाप्रमाणे' म्हणून मान खाली घालायची. तुमची दुबळी बाजू कोणती, या प्रश्नावर मास्तरांचं ठरलेलं उत्तर आहे : 'सर, मी कामात इतका गढून जातो, की मला वेळेचं भान राहत नाही.' हे उत्तर त्यांनी इतक्या पोरांना पाठ करून दिलंय, की चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्रा इथल्या निम्म्या साहेबांना आता ते ऐकताच शहागंज आठवत असणार.

वेळेबद्दल मास्तर फार कडक. मुलाखतीच्या ठिकाणी पाऊण तास आधी पोहोचायचं. हे ते निजामाच्या काळातल्या त्या मनोऱ्याकडे बोट दाखवून सांगायचे, तेव्हा त्यातलं घड्याळ बंद होतं. पुढे स्मार्ट सिटीच्या पैशातून मनोऱ्याची डागडुजी झाली, घड्याळ चालायला लागलं आणि मास्तरांची अडचण झाली. रोज अकराला उघडणारं दुकान अकराला उघडतं की नाही, हे आता सगळ्या चौकाला दिसतं.

सामान्य ज्ञानाची वेगळी वही आहे. शहर कुणी वसवलं? मलिक अंबरनं, १६१० मध्ये, खडकी नावानं. दरवाजे किती? बावन्न म्हणायचं, मोजायला जायचं नाही. विद्यापीठ कधी स्थापन झालं? १९५८. नामविस्तार? १९९४. शहराचं नाव काय, हा प्रश्न वहीत २०२३ नंतर आला आणि त्यासमोर उत्तराच्या जागी सूचना लिहिली आहे : 'समोरच्या टेबलावरचे लेटरहेड वाचावे. तेच नाव घ्यावे.' मुत्सद्देगिरीचा इतका आटोपशीर धडा मी दुसरीकडे पाहिला नाही.

पण मास्तरांची खरी पुंजी म्हणजे कोट.

पासपोर्ट फोटोसाठी त्यांनी एक गडद निळा कोट ठेवलाय. सोबत लाल टाय, तिची गाठ एकदा बांधलेली ती बांधलेलीच, मानेत इलॅस्टिक. कोट मूळचा धिप्पाड माणसाचा असावा. बारक्या पोरांच्या अंगावर तो बसवण्याचं काम मागून लावलेले कपडे वाळत घालायचे चिमटे करतात. फोटोत पाठ दिसत नाही, त्यामुळे पुढून पोरगा कलेक्टर आणि मागून दांडीवरची धुणी. ज्या पोराकडे धड शर्ट नाही, त्याला मास्तर हाच कोट मुलाखतीला नेऊ देतात. भाडं घेत नाहीत. "नोकरी लागल्यावर पेढे आण," एवढंच. चिमटे मात्र मोजून देतात आणि मोजून घेतात.

या चिमट्यांतून मास्तरांच्या शिष्टाचारशास्त्राचा एक मोठा सिद्धांत निघाला. पाठ दाखवायची नाही. खोलीत शिरताना दार लावायला वळायचं नाही, हात मागे नेऊन लावायचं. निघताना तोंड साहेबाकडे ठेवून उलट्या पावलांनी दारापर्यंत जायचं. "निजामाच्या दरबारात असंच होतं," ते सांगतात. "आपल्या मातीतली रीत आहे. पुण्यामुंबईच्या पोरांना ती कुठून माहीत असणार?"

फुलंब्रीकडच्या एका पोरानं ही रीत शब्दशः पाळली. मुलाखत चांगली झाली. तो उठला, 'थँक्यू सर' म्हणाला आणि पावलागणिक मान लववत मागे मागे गेला. त्याच वेळी दारातून शिपाई चहाचा ट्रे घेऊन आत येत होता. पोरगा, शिपाई, तीन कप आणि एक चिमटा एकदमच खाली आले. साहेबांनी चिमटा उचलला.

"हे काय आहे?"

"चिमटा आहे, सर."

"कशासाठी?"

"कोट धरायला, सर. कोट शहागंजचा आहे."

पोराचं नाव प्रतीक्षा यादीत पहिलं लागलं. मास्तरांचं विश्लेषण तयार होतं : उत्तरं बरोबर, आवाज स्पष्ट, नजर समोर. तिसऱ्या साहेबाचा चहा सांडला, तिथे घात झाला.

मास्तरांच्या आयुष्यातला खरा आघात चहाचा नव्हे, धोरणाचा. १५ ऑगस्ट २०१५ च्या भाषणात पंतप्रधानांनी लहान पदांच्या मुलाखती कशाला हव्यात, असा विषय काढला, आणि १ जानेवारी २०१६ पासून केंद्रानं क गटाच्या आणि ब गटातल्या अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या. कारण सरळ होतं. मुलाखत म्हटली की वशिला आला, मध्यस्थ आला, पाकीट आलं. गरिबाच्या पोरानं लेखीत मिळवलेलं बंद खोलीत घालवायचं. सगळ्या चौकाला निर्णय पटला. राज्यातही तलाठ्यापासून लिपिकापर्यंत लेखी परीक्षेवरच काम भागतं. मास्तर मात्र निर्णय आला त्या दिवशी दिवसभर काउंटरवर नुसते बसून होते.

"म्हणजे आता माणूस न बघताच घेणार?" ते म्हणाले. "उद्या लग्नंसुद्धा ओएमआर शीटवर लावतील."

पाटीवरची ओळ तेव्हापासून पुसट होऊ लागली, असं चपलावाला सांगतो. पाऊस हे त्याचं खरं कारण आहे. पण चपलावाल्याची गोष्ट जास्त चांगली आहे. मध्यंतरी लोकसेवा आयोगानं राज्यसेवेची मुख्य परीक्षा यूपीएससीच्या धर्तीवर वर्णनात्मक करायचं ठरवलं आणि मुलाखतीचे गुण शंभरावरून थेट २७५ वर नेले, तेव्हा मास्तरांनी ते कात्रण काचेखाली लावलं. "मुलाखत मेली म्हणत होते ना? पावणेतीनशेची झाली!" राज्यसेवेच्या मुलाखतीपर्यंत पोचलेला एकही पोरगा अजून त्यांच्या दुकानात आलेला नाही, हा तपशील त्यांच्या आनंदाआड आला नाही.

येतात ती आयटीआयची पोरं, पॉलिटेक्निकची पोरं, रोशन गेट, चंपा चौकाकडची, हर्सूलची, खेड्यातून खोली करून राहिलेली. त्यांना जायचं असतं कारखान्यात, आणि कारखान्यातली मुलाखत बहुतेक वेळा गेटाशेजारच्या खोलीत, कंत्राटदाराच्या माणसासमोर होते. तिथे दुबळी बाजू कुणी विचारत नाही. नाइट शिफ्ट चालेल का, कंपनीच्या बसचा कुठला पॉइंट जवळ पडतो, सेफ्टी शूज आहेत का, एवढंच. एका फिटरच्या हातात तिथल्या सुपरवायझरनं व्हर्नियर कॅलिपर दिला आणि लीस्ट काउंट विचारला. पोरगा म्हणाला, "शून्य पूर्णांक शून्य दोन मिलिमीटर." एक तुकडा मोजून दाखवला. सोमवारपासून ये, असं ऐकून बाहेर आला. एकूण काम चहा गार व्हायच्या आत आटपलं.

पेढे घेऊन तो दुकानात आला तेव्हा मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "कोट घातला होतास ना?"

"हौ, मास्तर. पण त्यांनी मशीनजवळ काढायला लावला. अडकंल म्हणे."

"पण घालून गेला होतास," मास्तर म्हणाले आणि पेढा तोंडात टाकला.

आता मुलाखती मोबाइलवर होतात. पासपोर्ट फोटोचा निळा पडदा मागे, कोट वर, खाली बर्म्युडा, आणि मास्तर कॅमेऱ्याआडून हातवारे करत उभे. एकदा ऐन रंगात वरून दोरीला बांधलेली पिशवी पडद्यापुढे उतरली. मास्तरांचं घर दुकानाच्या वरच्या मजल्यावर. काकू भाजीसाठी पिशवी खाली सोडतात आणि शटरच्या आत कुणाचं काय चाललंय याची फिकीर करत नाहीत. मुलाखत घेणाऱ्या पुण्याच्या बाईंनी स्क्रीनवरून विचारलं, "ते काय आहे?" पोरगा अनुभवी होता. "मॅडम, ही सप्लाय चेन आहे," म्हणाला. दुसऱ्या फेरीत गेला.

मागच्या दिवाळीनंतर मास्तरांच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि दुकानाला मदतनीस घ्यायचं ठरलं. मनात आणलं असतं, तर गल्लीतल्या कुणालाही 'उद्यापासून ये' म्हणता आलं असतं. पण पद म्हटलं की प्रक्रिया आली. काचेवर सूचना लागली. पॅनेल बसलं : अध्यक्ष मास्तर, सदस्य चपलावाला, आणि तिसरे एक निवृत्त ग्रामसेवक, ज्यांनी पहिल्या पाच मिनिटांत चहा मागवून आपली भूमिका स्पष्ट केली. मला निरीक्षक म्हणून बसवलं होतं.

पहिला पोरगा शटरवर टकटक करून आला. बसा म्हणेपर्यंत बसला नाही. पाण्याला हात लावला नाही.

"दुबळी बाजू?" मास्तरांनी विचारलं.

"सर, मी कामात इतका गढून जातो, की मला वेळेचं भान राहत नाही."

मास्तर खूश झाले. दुसरा आला. त्यालाही वेळेचं भान राहत नव्हतं. तिसऱ्यालाही. चौथी मुलगी होती, तिनं 'गढून जाते' म्हटलं, एवढाच बदल. पगाराची अपेक्षा सगळ्यांची संस्थेच्या नियमाप्रमाणे. जाताना सगळे उलट्या पावलांनी गेले आणि मागून स्कूटरवाले ओरडले. सातव्या उमेदवाराला मास्तरांचा आवाज चढला. "अरे, सगळ्यांनाच वेळेचं भान नाही, तर अकरा वाजता शटर उघडणार कोण?"

पोरगा गोंधळला. या प्रश्नाचं उत्तर वहीत नव्हतं.

ग्रामसेवकांनी चहा संपवला आणि सगळ्यांना समान गुण दिले. मास्तरांनी सर्वांना उभं राहून सांगितलं, "कळवू." इतक्या वर्षांनी हा शब्द टेबलाच्या या बाजूनं म्हणताना त्यांची छाती एवढी फुगली, की मीच म्हटलं, आता बसा. मग अर्ज, शेरे आणि गुणतक्ता त्यांनी एका फाइलीत नीट लावला आणि मेथीच्या जुडीसोबत पिशवीत घातला. दोरी हलली. पिशवी वर गेली.

संध्याकाळी पोरं विचारायला आली. "मास्तर, निकालाचं काय झालं?"

"फाइल वर गेलीय."

तासाभरानं पिशवी खाली आली. आत फाइल, दळणाचा डबा, आणि गुणतक्त्यावर काकूंच्या अक्षरात एक ओळ : 'पगार कोठून देणार?'

मास्तरांनी चष्मा लावून ती वाचली, फाइल बंद केली आणि पोरांकडे वळून गंभीरपणे सांगितलं, "शेरा मारून परत आलीय. एक त्रुटी निघालीय. पूर्तता करून पुन्हा वर पाठवतो."

"काय त्रुटी, मास्तर?"

"आर्थिक तरतूद," मास्तर म्हणाले. तेवढ्यात शटरवर टकटक झाली, एक नवा पोरगा कॉल लेटर हातात धरून आत डोकावला आणि स्टुलाकडे सरकला. "अंहं," मास्तर कोटाकडे हात नेत म्हणाले, "आधी बाहेर जा. आणि बूट बघू."